रुख्मिणीबाईंचा वाटा

मनकर्णाबाई भुयारांनी अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहाची मेस एकतीस वर्षं सांभाळली, आणि त्या एकतीस वर्षांत तिथली एकही मुलगी उपाशी झोपली नाही. हे त्या स्वतःच सांगतात, म्हणून थोडं कमी धरायला हरकत नाही. पण त्यांच्या हातचं जेवलेल्या बायका आज जिथे भेटतात तिथे हेच सांगतात. एखादी परतवाड्याच्या एसटीत अडकली, एखादी प्रॅक्टिकलला थांबली, एखादी रुसून गच्चीवर जाऊन बसली, तरी तिचं ताट वाढलं जायचं. वर दुसरं ताट उपडं घातलेलं आणि त्यावर चिठ्ठी. चिठ्ठीवर मुलीचं नाव, आणि खाली एकच शब्द : ‘उशिरा’.

एकदा अचलपूरची एक पोरगी परीक्षेला घाबरून, पेटी उचलून घरी निघून गेली. मनकर्णाबाईंनी त्या दिवशीही तिचं ताट वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. आठ दिवस रोज नवं ताट वाढायचं, चिठ्ठी लावायची आणि शेवटी ते स्वतःच जेवायचं, असं चाललं. रेक्टर रुख्मिणीबाई मोहरील चिडल्या.

“मनकर्णा, ती मुलगी गेली. रजिस्टरातून नाव काढून गेली.”

“जाऊ द्या ना बाई. वाटा ठेवला की माणूस येते.”

नवव्या दिवशी त्या पोरीचा बाप तिला पेटीसकट परत सोडून गेला. तेव्हापासून मनकर्णाबाईंचा या गोष्टीवर जो विश्वास बसला तो बसलाच. देवाधर्माचं त्या बेताचंच करतात, पण वाट्याच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

दोघी एकाच वर्षी निवृत्त झाल्या. मनकर्णाबाईंचा मुलगा श्याम अंजनगाव सुर्जीला शेती पाहतो. तो दरवर्षी म्हणतो, आई, आता इकडेच ये. आई दिवाळीला जाते आणि पाचव्या दिवशी परतीच्या गाडीत बसते, कारण अमरावतीला साईनगरात दुपारी चार वाजता रुख्मिणीबाई चहा टाकून बसलेल्या असतात. रुख्मिणीबाईंचं घर एका गल्लीत, मनकर्णाबाईंच्या दोन खोल्या पुढच्या गल्लीत. एक कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, दुसरी सातवी शिकलेली. एक चहात साखर टाकत नाही, दुसरी तीन चमचे टाकते. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही, पण तसं कबूल करायला दोघीही तयार नसतात.

गेल्या एप्रिलमध्ये रुख्मिणीबाईंकडे आचल आली. ही मोर्शीची. हिचं ताट मेसमध्ये सगळ्यात जास्त वेळा झाकून ठेवावं लागलं होतं. आता ती नाशकाकडे वाइनच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने बापाच्या बागेतली संत्री नेऊन कारखान्यात हौसेने त्यांची वाइन करून पाहिली होती. बारा बाटल्या झाल्या. मालकाने चाखली, वा म्हणाला आणि पुढे काही केलं नाही. अकरा बाटल्या इकडेतिकडे संपल्या. बारावी आचलने रुख्मिणीबाईंसाठी राखून आणली होती, आणि त्यामागे कारण होतं.

“बाई, तुम्ही आम्हाला वर्गात वाइनच्या किती कविता शिकवल्या! आठवते?”

“तीस वर्षं शिकवल्या,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “आणि एकदाही चाखली नाही. पोहता न येणाऱ्याने काठावर उभं राहून पोहायला शिकवावं, तसं ते होतं. लाज वाटायची गं कधीकधी.”

बाटली उघडली. चार वाजले होते, चहाची वेळ होती, म्हणून चहाचेच स्टीलचे पेले निघाले. सोन्यासारखा पिवळा रंग पेल्यात कोणाला दिसला नाही, पण वास सगळ्या खोलीत पसरला. मनकर्णाबाईंनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून विचार केला.

“संत्र्यानं कोनाशी तरी भांडण केलं वाटते,” त्या म्हणाल्या. मग दुसरा घोट घेतला. “पन चांगलं भांडलं.”

रुख्मिणीबाईंनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि फोन वाजला. अकोल्याहून त्यांचा मुलगा शुभंकर. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिना झाला ते थांबले होते. डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ अचानक मोकळी झाली होती. शुभंकर गाडी घेऊन निघालाच होता, मूर्तिजापूर मागे टाकलं होतं. आई, बॅग भर, आणि आता पोटात वेडंवाकडं काही घालू नकोस.

रुख्मिणीबाईंनी पेल्याकडे पाहिलं. तो ओठाला लागलेला नव्हता. त्यांनी तो मनकर्णाबाईंच्या हातात दिला.

“माझा वाटा ठेव, मनकर्णा.”

“ठेवते ना बाई. तुमी बिनघोर जा.”

तासाभरात गाडी आली आणि गेली. आचललाही संध्याकाळची रेल्वे होती. तिने जाताजाता सांगितलं, “मावशी, बूच लावून फ्रिजमधी ठेवा. तीनचार दिवस राह्यते.”

मनकर्णाबाई हसल्या. तीनचार दिवस? त्यांचं आंब्याचं लोणचं तीन वर्षं राहतं. लिंबाचं तर इतकं जुनं आहे की ते कोणत्या साली घातलं यावर वाद होतो. आणि बाई तर महिनाभर परत येणार नव्हत्या. पोरगी शिकलेली आहे, पण टिकवणं हा काही पुस्तकातला विषय नाही, असं मनाशी म्हणून त्या बाटली घेऊन घरी आल्या.

मेसचा एक नियम होता : उरलेलं सगळं एका भांड्यात ठेवायचं नाही. एक नासलं तर दुसरं राहतं. पेला बाटलीत परत ओतल्यावर अर्ध्याहून थोडी जास्त वाइन उरली होती. त्यातली बरीचशी त्यांनी चिनी मातीच्या बरणीत काढली, कारण फ्रिजपेक्षा बरणीवर त्यांचा भरवसा जास्त. बरणीच्या तोंडाला धुतलेल्या मलमलीचा दादरा बांधला आणि ती गच्चीवर उन्हात ठेवली. लोणच्याला ऊन दाखवतात तसं. ऊन लागलं की ओल मरते, बुरशी धरत नाही, हे त्यांना आईने शिकवलं होतं, आणि अमरावतीचं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. उरलेली बाटलीतच ठेवून, बूच दाबून, आचलच्या समाधानासाठी फ्रिजमध्ये उभी केली.

तिसऱ्या दिवशी त्या बरणी पाहायला गेल्या तेव्हा दादऱ्यावर चिलटांचा बाजार भरला होता. कापड सोडलं आणि वास थेट डोळ्यांत गेला. रंग काळ्या चहासारखा. बोट बुडवून चाखलं तर दात आंबले. वाटा ठेवायला म्हणून जे घेतलं होतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त त्यांनी स्वतःच्या हाताने नासवलं होतं. मनकर्णाबाई गच्चीच्या कठड्यावर बसल्या आणि त्यांना खरोखर रडू आलं. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

रडून झाल्यावर त्यांनी त्या आंबट पाण्याने पितळी समया घासल्या. त्या इतक्या लखलखल्या की त्यांना उगीच थोडं बरं वाटलं. मग खाली येऊन फ्रिज उघडला. बाटलीच्या तळाशी चार बोटं वाइन उरली होती. अजून पिवळी होती, पण पहिल्या दिवशीपेक्षा किंचित गडद. त्यांनी आचलला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं.

“उन्हात?” आचल ओरडली. “मावशी, उन्हात काहून ठेवली?”

“ते जाऊ दे. उरली तिचं सांग.”

“हवा लागू देऊ नोका तिले. बाटलीत जेवढी हवा, तेवढी ते लवकर जाते. आमच्या इकडे तर वरून गॅस सोडतात.”

“गॅस आहे ना माह्याकडे. परवाच नवं सिलिंडर लावलं.”

“मावशी! तो गॅस नाई!”

मनकर्णाबाईंनी क्षणभर विचार केला. “मंग वरून तेल सोडू का? लोनच्यावर सोडतो तसं, चार बोटं? तेल असलं की हवा जात नाई.”

“आन् बाईंले काय देसान, वाइन का फोडणी?” आचल हसायला लागली आणि हसता हसता तिला हाक मारायला कोणी तरी आलं. “मावशी, मी सवडीनं करते फोन. तोवर काही करू नोका!”

काही करू नका हे मनकर्णाबाईंना जमण्यातलं नाही. पण त्या दिवशी खरंच काही सुचेना. संध्याकाळी त्यांनी स्वतःपुरती भाजी केली, अर्धी जेवल्या, आणि उरलेली कढईतून लहान वाटीत काढली. काढता काढता हात थांबला. हेच तर त्या मेसमध्ये रोज करत होत्या. मोठ्या गंजातली डाळ अर्धी झाली की लहान पातेल्यात, ती अर्धी झाली की डब्यात, आणि डबा काठोकाठ. नव्या पोरींना पहिल्या दिवशी त्या हेच शिकवायच्या : उरलं की भांडं लहान करा. चाळीस मुलींच्या आमटीला लावलेला नियम त्या एका इंग्रजी बाटलीला लावायला विसरल्या होत्या. त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

आता भांडं शोधायचं. चार बोटं वाइन म्हणजे किती, हे त्यांनी नजरेनेच ठरवलं : पावणेदोनशे मिलीला थोडी वर. घरातल्या बाटल्या काढून पाहिल्या. सॉसची बाटली सात वेळा धुतली तरी सॉसचीच राहिली. खोकल्याच्या औषधाची लहान पडली. गुलाबपाण्याची प्लास्टिकची. काचेची, वास नसलेली, घट्ट फिरकीच्या झाकणाची आणि बरोबर या मापाची बाटली जगात एकच असते, हे मनकर्णाबाईंना माहीत होतं. अंजनगावला शेताच्या बांधावर पिणाऱ्यांनी टाकलेल्या अशा बाटल्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. आपल्याला कधी ती मागायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदर नीट करून कोपऱ्यावरच्या शेखर भंगारवाल्याकडे गेल्या. तिथे बेबीताई रद्दी तोलून घेत उभ्या होत्या. बेबीताई म्हणजे गल्लीतलं चालतंबोलतं वर्तमानपत्र. त्या जाईपर्यंत थांबावं असं मनकर्णाबाईंना वाटलं, पण बाटलीतली वाइन थांबणार नव्हती.

“शेखर, मले एक पव्वा पाह्यजे.”

शेखरच्या हातातला तराजू खाली गेला. “काकू, तुमाले?”

“रिकामा रे! बूच धड पाह्यजे. आन् फुटका नोको.”

“रिकामा काहून पन?”

“भरायले.”

पव्व्यांची गोणी शेखरने मुकाट्याने ओतली. मनकर्णाबाईंनी भाजी निवडावी तशा बाटल्या निवडल्या, एकेक उजेडात धरून, झाकण फिरवून, नाकाला लावून. नाकाला लावल्या तेव्हा बेबीताईंच्या तोंडून “अगं बाई” असा आवाज आला. शेवटी एक पसंत पडली. शेजारी गोटीसोड्याच्या फुटक्या बाटल्यांमधून निघालेल्या काचेच्या गोट्या डब्यात पडल्या होत्या. त्यातल्या दोन लहानशा त्यांनी उचलल्या. माप थोडं कमी पडलं तर उपयोगी पडतील.

दुपारी बेबीताई दारात हजर. हातात आवळ्याची सुपारी, चेहऱ्यावर काळजी. “मनकर्णाबाई, एकटं माणूस असलं की मन खाते. पन अशा मार्गाले लागू नोका वो.”

“मी रुख्मिणीबाईंसाठी भरून राहिली,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

याने बेबीताईंची काळजी दुप्पट झाली. त्या सुपारी ठेवून लगबगीने निघून गेल्या, कारण आता बातमीत दोन नावं होती.

मनकर्णाबाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पव्वा सोडा टाकून तीनदा उकळला, गोट्याही उकळल्या, आणि सगळं उन्हात वाळवलं. या वेळी ऊन कामाला आलं. मग श्वास रोखून वाइन ओतली, फेस होऊ नये म्हणून बाटलीच्या आतल्या कडेने, अगदी बारीक धारेने. गळ्यापाशी चमचाभर कमी पडली. एक गोटी सोडली, पातळी वर आली. दुसरी सोडली, काठावर थेंब उभा राहिला. झाकण फिरवलं, तो थेंब बाहेर सांडला, आणि बाटली उलटी करून पाहिली तर आत एकही बुडबुडा फिरला नाही. मनकर्णाबाईंनी बाटलीला चिठ्ठी चिकटवली. ‘रु. मोहरील. उशिरा.’ आणि ती फ्रिजच्या मागच्या बाजूला, बर्फाच्या खालच्या कप्प्यात उभी केली.

पुढे रोज चार वाजता त्या एकट्या चहा घ्यायच्या आणि फ्रिज उघडून रंग पाहायच्या. रंग धरून होता. अकोल्याहून फोन यायचा. ऑपरेशन चांगलं झालं, बाई काठी घेऊन उभ्या राहिल्या, दाराशी गेल्या, जिना उतरल्या. तीन आठवडे असे गेले. चौथ्या आठवड्यात फोन शुभंकरने केला.

“मावशी, आईला आता इकडेच ठेवतो आहे. एकटी कशी राहणार ती तिथे? घर भाड्याने द्यायचं म्हणतो.”

“बाई काय म्हणतात?”

“आई काही बोलत नाही. म्हणजे तिला मान्यच असेल.”

मनकर्णाबाईंनी फोन ठेवला. रुख्मिणीबाई मोहरील काही बोलत नाहीत, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना शुभंकरचा राग आला नाही, पोरगा आईचं चांगलंच पाहत होता. पण रोज चार वाजता एकट्याने चहा पिऊन पुढची वर्षं काढायची, हे त्यांना जमणार नव्हतं. वाटा ठेवला होता आणि माणूस येत नव्हतं. मेसमध्ये आजारी मुलीचं ताट तिच्या खोलीवर न्यायची मुभा होती. त्यांनी थर्मासमध्ये बर्फ भरला, त्यात बाटली उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची अकोल्याची एसटी पकडली.

शुभंकरचं घर चांगलं होतं. आईला वेगळी खोली, कूलर, टीव्ही, पायाखाली मऊ गादी. सून मैथिली हसतमुख. रुख्मिणीबाई खिडकीपाशी बसल्या होत्या आणि सगळं मिळत असूनही कोमेजल्यासारख्या दिसत होत्या. मनकर्णाबाईंना पाहून त्यांचे डोळे भरले, मग लगेच त्यांनी रेक्टरचा आवाज काढला.

“उन्हाची कशाला आलीस?”

“तुमचा वाटा आनला.”

थर्मास उघडला. बर्फातून पव्वा निघाला तेव्हा शुभंकर उभाच राहिला. “मावशी, हे काय?” मग त्याने वाकून चिठ्ठी वाचली. मैथिलीने पुढे होऊन काचेचा ग्लास आणला. खिडकीच्या उजेडात रंग सगळ्यांनी पाहिला. पिवळा, स्वच्छ.

“आई, औषधं…” शुभंकर म्हणाला.

“परवाच संपली. डॉक्टरांना मी विचारलं होतं, थोडी घेतली तर चालेल म्हणाले.” म्हणजे बाईंनी विचारून ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी ते लक्षात घेतलं.

रुख्मिणीबाईंनी घोट घेतला. तीस वर्षं शिकवलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकदा फिरून गेलं. मनकर्णाबाई पदराचं टोक धरून उभ्या होत्या.

“गेली का वो बाई?”

“नाही गं. आहे.” दुसरा घोट. “काय शिकवत होते मी पोरींना! ही तर निराळीच आहे.” आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की मैथिलीही हसली. “भांडकुदळ आहे. तुझ्यासारखी.”

अर्धा ग्लास झाला. मनकर्णाबाईंनी पुन्हा ओतायला बाटली तिरकी केली, तशा आत गोट्या खळखळल्या. रुख्मिणीबाईंनी ग्लासवर हात ठेवला.

“मैथिली, एखादी लहान बाटली आहे का घरात? स्वच्छ?”

मैथिलीने मसाल्याची नवीकोरी रिकामी कुपी आणली. रुख्मिणीबाईंनी उरलेली वाइन स्वतः तीत ओतली, काठोकाठ, एक थेंब न सांडता. झाकण लावलं. पव्व्यावरची चिठ्ठी नखाने सोडवून कुपीला लावली आणि कुपी मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

“अमरावतीला घेऊन जा. माझा वाटा तिथे ठेव.”

शुभंकरने आईकडे पाहिलं, मग कुपीकडे. “आई, पण ही टिकणार किती दिवस?”

रुख्मिणीबाईंनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं.

“लय झालं तर आठ दिवस,” मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज साधा ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. “त्याच्यापुढं माह्यी जबाबदारी नाई.”

शुभंकर आईच्या खुर्चीपाशी खाली बसला. “आई, तू बोलली का नाहीस?”

“तू विचारलं कुठे होतंस?”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “रविवारी सोडतो,” तो म्हणाला.

मनकर्णाबाईंनी मैथिलीकडून पेन मागून घेतलं. चिठ्ठीवरच्या ‘उशिरा’ या शब्दाखाली त्यांनी लिहिलं, ‘रविवारी, चार वाजता’, आणि कुपी बर्फात खोचली.